शरद सरताना रोज एक छायाचित्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेलेला असतो, आकाशकंदील आताच उतरवायचा की त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहू द्यायचा यावर घरात एकमत होत नसते आणि रात्रीचा पंखा नेमका कोणत्या दिवसापासून बंद झाला हे कुणालाच आठवत नसते. अशा दिवसांत रोज एक छायाचित्र काढण्याचा नेम ज्यांना करून पाहायचा आहे, त्यांच्या मनात येणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरे आहेत. उदाहरणे मुख्यतः पुणे आणि आसपासच्या भागातली आहेत, कारण मला तीच जवळून माहीत आहेत.

हा नेम नेमका काय आहे, आणि कधीपासून कधीपर्यंत करायचा?

रोजच्या दिवसात बरे वाटावे असे काहीतरी एक शोधायचे, त्याचा एक फोटो काढायचा आणि त्या दिवसापुरते थांबायचे, एवढाच हा नेम आहे. पंचांगाप्रमाणे आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे महिने, तर मार्गशीर्षापासून हेमंत सुरू होतो. त्यामुळे कोजागिरीला आरंभ करून कार्तिक अमावास्येला संपवणे सर्वांत सुटसुटीत पडते, आणि ज्यांना पुढे मार्गशीर्षातल्या गुरुवारांची मांडणी किंवा चंपाषष्ठीचे भरीत-रोडगे टिपायचे असतील, त्यांनी दत्तजयंतीपर्यंत जावे.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सण चंद्राच्या गतीने पुढे-मागे सरकतात आणि ऊन सूर्याच्या गतीने बदलते. 2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होते, तर 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ते 8 नोव्हेंबरला येते. म्हणजे एका वर्षी दिवाळीच्या पणत्या ऑक्टोबरच्या उकाड्यात लागतात आणि दुसऱ्या वर्षी अंगावर शाल घेऊन लावाव्या लागतात. दोन वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की हा फरक लोकांच्या कपड्यांवरूनच कळतो.

याच दिवसांत का? फोटो तर बारा महिने काढता येतात.

काढता येतात, परंतु या दिवसांत प्रकाश आपल्या बाजूने असतो. मेच्या मध्याला पुण्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते आणि माणसांच्या डोळ्यांखाली काळ्या खाचा दिसतात. नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मात्र सूर्य दुपारीसुद्धा क्षितिजापासून साधारण 51 अंशांपर्यंतच चढतो. ऊन दिवसभर तिरपे राहते, दक्षिणेकडच्या खिडकीतून ते पार आतल्या भिंतीपर्यंत पोचते आणि ज्या कोपऱ्यात उन्हाळ्यात दिवा लावावा लागतो, तिथे सकाळी दहा वाजता गजांची सावली पडलेली असते.

दुसरे कारण हवेचे आहे. साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नैर्ऋत्य मोसमी वारे महाराष्ट्रातून माघार घेतात, ढग हटतात आणि आकाश स्वच्छ होते. निरभ्र रात्री जमिनीतली उष्णता मोकळेपणाने वर निघून जाते, त्यामुळे पहाट गार होते आणि गवतावर दव पडते.

तिसरे कारण घड्याळाचे. वर्षातला सर्वांत लहान दिवस 21 किंवा 22 डिसेंबरला असला, तरी आपल्या अक्षांशावर सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या अखेरीस. पुण्यात तेव्हा सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, नागपुरात साडेपाचच्या सुमारास. नोकरी करणाऱ्याला संध्याकाळचा उजेड मिळतच नाही अशी तक्रार ऐकू येते, ती खरी आहे. पण त्याच कारणाने दिवेलागण आणि घरी परतण्याची वेळ एकत्र येतात. निळसर आकाश वर शिल्लक आहे आणि खाली दुकानांचे पिवळे दिवे लागले आहेत, अशी वीसएक मिनिटे बसथांब्यावर उभे राहूनसुद्धा मिळतात. एप्रिल-मेमध्ये त्यासाठी सात वाजून जातात.

आपल्याकडे पानगळ शिशिरात होते. मग या दिवसांत टिपायचे तरी काय?

हा प्रश्न परदेशातल्या लाल-केशरी झाडांची चित्रे पाहून पडतो. आपली पानझडी जंगले ओकी होतात ती साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, माघ-फाल्गुनात. शरदाच्या अखेरीस आपल्याकडे गळती लागते ती फुलांची, आणि रंग बदलतो तो गवताचा.

पुण्यातल्या जुन्या वसाहतींत बुचाची उंच झाडे आहेत. त्यांची फुले रात्री उमलतात आणि सकाळपर्यंत खाली सडा पडतो: लांब, बारीक, पांढरी नळी आणि तिच्या टोकाशी चार-पाच पाकळ्या. झाडाकडे मान वर करून फोटो काढू नये, हाती काही लागत नाही. झाडाखाली उभ्या केलेल्या स्कूटरच्या काळ्या सीटवर पहाटे पडलेली पाच-सात फुले पाहावीत. सीटवर दव असेल तर प्रत्येक नळी तिला चिकटलेली असते आणि मालक चावी लावण्यापूर्वी ती हाताने झटकतो. तो हात यायच्या आधी फोटो घ्यावा, किंवा त्या हातासकट घ्यावा. दुसरा अधिक चांगला येतो.

सप्तपर्णीचा बहर ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतो आणि त्याचा उग्र वास फोटोत उतरत नाही, तरी हिरवट पांढऱ्या गुच्छांखालून नाकाला रुमाल लावून जाणारी माणसे उतरतात. देवकांचनाची जांभळट फुले, हाराच्या दुकानांत झेंडूची जागा घेणारी शेवंती, कुंपणावर सुकत चाललेल्या दोडक्याच्या वेलावर राहून गेलेला आणि आता फक्त जाळी उरलेला दोडका, हे सगळे याच दिवसांतले. टेकडीवर पावसाळ्यातले हिरवे गवत कंबरेएवढे होऊन पिवळे पडते आणि वेताळ टेकडीवर सकाळी सातला सूर्याकडे तोंड करून उभे राहिले, तर गवताच्या प्रत्येक तुऱ्याला उजेडाची कड दिसते. त्याच गवताची कुसळे घरी आल्यावर पायमोज्यातून एक-एक उपटावी लागतात, आणि तोही एक फोटो आहे.

बाजार तर या दिवसांत वर्षातला सर्वांत देखणा असतो. सीताफळे संपत आलेली, आवळे आलेले, वालपापडी, पावटा, तुरीच्या ओल्या शेंगा, नव्या मटारचे पहिले महाग ढीग. 1886 साली सुरू झालेल्या पुण्याच्या महात्मा फुले मंडईत उंच छपराखाली हे सारे रचलेले असते, परंतु माझ्या मते मंडईपेक्षा गल्लीच्या तोंडाशी पोते अंथरून बसलेल्या बाईंसमोरचा वाटा जास्त चांगला दिसतो. पाच-सहा वाट्यांपैकी एक अर्धा विकला गेलेला असतो आणि त्या रिकाम्या जागेत पोत्यावरची ओल दिसते.

दिवाळीनंतरचे दिवस म्हणजे उरलेल्या गोष्टींचे दिवस आहेत, हे विसरू नये. मुलांनी मातीचा किल्ला केलेला असतो, त्यावर पेरलेले आळीव दिवाळीत अर्ध्या बोटाचे असतात आणि कार्तिकी एकादशीपर्यंत वाढून आडवे होतात. खंदकातले पाणी आटते, महाराज सिंहासनावर जागच्या जागी असतात आणि मावळे मात्र मांजराच्या पायाने तटाखाली पडलेले असतात. पणती उचलल्यावर फरशीवर तेलाचे वर्तुळ राहते आणि त्याला धूळ चिकटून ते काळे होते. पायरीवरच्या रांगोळीवरून आठवडाभर चपला गेल्या की तिच्या ठिपक्यांचा नुसता अंदाज उरतो. सणाचे फोटो सगळेच काढतात. उतरत्या सणाचे क्वचितच कुणी काढते, आणि मला विचाराल तर या नेमाची सगळी गंमत तिथेच आहे.

मी सकाळी आठला घर सोडतो आणि रात्री परततो. माझ्या दिवसात असे काही नसते.

असते, पण ते शोधण्याची पद्धत बदलावी लागते. नवीन जागा शोधत हिंडण्याऐवजी एक जागा ठरवून घ्यावी आणि रोज तिच्याकडे पाहावे: स्वयंपाकघराची खिडकी, लोकलच्या फलाटावरचा नेहमीचा खांब, कार्यालयाच्या जिन्यातला चौकोन. पहिले काही दिवस ती जागा तशीच दिसते आणि कंटाळा येतो. तो येऊ द्यावा. पुढे केव्हातरी उन्हाचा पट्टा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर आल्याचे दिसते, कठड्यावर कुणीतरी ठेवलेला चहाचा पेला दिसतो, पावसाळ्यात भिंतीवर वाढलेले शेवाळ आता तपकिरी होऊन त्याचे पापुद्रे सुटत असल्याचे दिसते.

ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी दिवसातली एक कृती ठरवावी. चहा हे सोपे उदाहरण आहे. चहाची टपरी तीच, पेला तोच, तरी कोण शेजारी उभे आहे, हात पेल्याभोवती धरलेले आहेत की नुसत्या दोन बोटांत पेला आहे, स्वेटर आला की नाही, यांत रोज फरक पडतो. ऑक्टोबरच्या दहा तारखेला पेला काठाला धरला जातो, कारण तो भाजतो. नोव्हेंबरच्या अखेरीस तोच पेला दोन्ही तळव्यांत धरला जातो. पुण्यात तोवर किमान तापमान 15 अंशांच्या आसपास आलेले असते. थंडी आली हे हातांवरून सांगणारी ही मालिका कुणालाही जमण्यासारखी आहे.

दिवसाला एकच फोटो का? मोबाईलमध्ये तर जागा भरपूर असते.

जागेचा प्रश्न नाही. दहा फोटो काढणारा माणूस निवड रात्रीवर ढकलतो, आणि रात्री थकलेल्या डोळ्यांनी तो बहुधा सर्वांत चकचकीत फोटो ठेवतो. एकच काढायचा असला की निवड तिथल्या तिथे, त्या वस्तूसमोर उभे राहून करावी लागते. ती घटकाभराची थांबण्याची सक्ती मला फोटोपेक्षा मोलाची वाटते. अर्थात हलला म्हणून दुसरा काढला तर काही बिघडत नाही. हे व्रत नव्हे, उद्यापनही नाही.

चांगला कॅमेरा घ्यावा का?

नाही. खिशात आहे तो मोबाईल पुरतो. त्याची भिंग मात्र रोज सुती कापडाने पुसावी, कारण बोटांचा तेलकटपणा बसला की दिव्यांभोवती धुरकट रेषा येतात आणि लोक दोष कॅमेऱ्याला देतात. दूरच्या वस्तूसाठी बोटांनी चित्र मोठे करण्यापेक्षा दोन पावले पुढे जावे.

पणत्यांचे आणि आकाशकंदिलाचे फोटो पांढरेफटक का येतात?

मोबाईल पूर्ण चौकटीचा सरासरी उजेड मोजतो. चौकटीत अंधार जास्त असला की तो आपल्याला काहीतरी अंधारलेले दिसते आहे असे समजून सगळेच उजळवतो आणि ज्योतीचा आकार पुसून जातो. उपाय साधा आहे: पडद्यावर ज्योतीच्या जागी बोट दाबून धरावे, तिथला प्रकाश कायम झाला की शेजारी येणारी खूण खाली ओढून चित्र गडद करावे. पणतीची मातीची कड आणि तेलातले प्रतिबिंब दिसू लागले की तिथे थांबावे. फ्लॅश तर मुळीच वापरू नये.

रंगाचीही एक अडचण आहे. पणतीचा उजेड फार तांबडा असतो, जुन्या पिवळ्या बल्बचा त्याहून कमी आणि दुपारच्या उन्हाचा जवळजवळ पांढरा. मोबाईल आपल्या समजुतीने हा तांबडेपणा काढून टाकतो आणि लक्ष्मीपूजनाचा फोटो दवाखान्यात काढल्यासारखा दिसतो. ज्या मोबाईलमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणत्या उजेडाला पांढरा धरायचे ते, हाताने ठरवता येतो, त्यात तो दिवसाच्या उजेडावर ठेवावा, म्हणजे ज्योत ज्योतीसारखी राहते.

त्रिपुरी पौर्णिमेला नदीच्या घाटावर किंवा मंदिराच्या दीपमाळेवर शेकडो दिवे लागतात, तिथे मोबाईलची रात्रीची सोय दोन-तीन सेकंद उजेड गोळा करते. तेवढा वेळ हात हलता कामा नये. कोपर कठड्यावर टेकावे, श्वास रोखावा, आणि वाऱ्याने ज्योती हलणारच हे मान्य करावे.

चहाची वाफ, दव आणि धुके फोटोत दिसतच नाहीत. काय करावे?

या तिन्ही गोष्टी मागून येणाऱ्या उजेडात दिसतात, समोरून पडणाऱ्या उजेडात नाहीशा होतात. पाण्याचे सूक्ष्म थेंब उजेड पुढच्या दिशेला जास्त विखुरतात, म्हणून कप आपल्या आणि खिडकीच्या मध्ये हवा, आणि कपामागे काहीतरी गडद हवे: बंद दाराची फळी, शेगडीमागची काळी पडलेली भिंत, कुणाचा निळा स्वेटर. दवासाठी सकाळी साडेसात-आठपर्यंतच वेळ असतो. कोळ्याचे जाळे एरवी डोळ्यांना दिसत नाही, ते दवाने भरले की कुंपणाच्या प्रत्येक तारेवर एक आढळते.

धुक्याबद्दल थोडे सावधपणे बोलावे लागेल. शहरात नोव्हेंबरच्या सकाळी जे पांढरे दिसते ते पुष्कळदा नुसते धुके नसते. रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार अशी उलटी स्थिती होते, त्यामुळे वाहनांचा आणि पेटवलेल्या पालापाचोळ्याचा धूर खालीच कोंडून राहतो. त्यातून येणारे उन्हाचे पट्टे फार सुंदर दिसतात यात शंका नाही, परंतु दम्याच्या माणसाने त्या फोटोसाठी पहाटे बाहेर पडू नये. ऊन तापून हवा वर उठली की मग जावे.

फोटो काढण्याच्या नादात तो क्षणच हातचा जातो, असे नाही का होत?

होऊ शकते, आणि त्यावर अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवले. काही वस्तू नुसत्या पाहायला सांगितल्या, काहींचे फोटो काढायला सांगितले. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत, फोटो काढलेल्या वस्तू विद्यार्थ्यांना कमी आठवल्या. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, जी सांगायची बहुतेकदा राहून जाते: ज्यांनी वस्तूचा एखादा भाग जवळून टिपला, त्यांच्या स्मरणात अशी घट झाली नाही.

2016 मध्ये क्रिस्टिन डील, गॅल झॉबरमन आणि अ‍ॅलिक्झांड्रा बराश यांनी नऊ प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. फोटो काढणारी माणसे समोरच्या अनुभवात अधिक गुंततात आणि त्यामुळे त्यांना त्याचा आनंदही अधिक होतो, असे त्यांत आढळले. फोटो काढण्याची क्रिया अनुभवाच्याच आड येत असेल तर हा लाभ होत नाही, आणि अनुभव मुळात नकोसा असेल तर फोटो काढल्याने तो अधिक नकोसा होतो, हेही त्यांनीच दाखवले.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर या नेमासाठी व्यवहारातली सूचना मिळते. जवळ जावे, थोडे टिपावे आणि मोबाईल खिशात घालावा. तुळशीच्या लग्नात मंगलाष्टके चालू असताना अंतरपाटाच्या वरून मोबाईल धरलेला माणूस अक्षता टाकायच्या विसरतो. त्याने लग्न लागू द्यावे, आणि नंतर वृंदावनाशी पडलेले चुरमुरे, बोरे, चिंचा, आवळे आणि एका बाजूला कललेला ऊस टिपावा.

याने मन खरोखरच प्रसन्न होते का?

ब्रिटनमधील लिझ ब्रूस्टर आणि अँड्र्यू कॉक्स या संशोधकांनी रोज एक फोटो काढून तो इतरांना दाखवणाऱ्या माणसांचा अभ्यास केला. तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःकडे लक्ष देणे, त्या निमित्ताने इतरांशी बोलणे आणि पुढे जुने फोटो पाहून दिवस आठवणे, अशा तीन अंगांनी लोकांना त्याचा उपयोग झाल्याचे त्यांनी नोंदवले. घराबाहेर पडायला निमित्त मिळते, हाही त्यातला एक भाग होता. यापलीकडे मोठे दावे करू नयेत. उदासी दिवसेंदिवस हटत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर डॉक्टरांकडे जावे. तिथे फोटोचा उपाय नाही.

आणि काही दिवस असे असतात की टिपण्याजोगे काही वाटतच नाही. त्या दिवशी आनंदाचा देखावा उभा करण्याऐवजी जे समोर आहे ते टिपावे, मग ते न उचललेले ताट असो.

एखादा दिवस राहिला तर?

राहू द्यावा. दुसऱ्या दिवशी दोन काढून भरपाई करू नये.

माणसांचे फोटो काढावेत का?

ओळखीच्या माणसांचे विचारून काढावेत. अनोळखी माणसाचा चेहरा टिपायचा असेल तर आधी बोलावे, भाजी घ्यावी, चहा प्यावा. बहुतेक लोक हसून हो म्हणतात आणि नको म्हणाले तर तिथे विषय संपला. इतरांच्या मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय काढू नयेत. मंदिराच्या गाभाऱ्यात अनेक ठिकाणी मनाई असते, तिथे पाटी नसली तरी पुजाऱ्यांना विचारावे.

याच दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून कारखान्यांकडे निघतात, गाळप सुरू होते आणि रस्त्याकडेच्या मोकळ्या रानात त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. पहाटेच्या थंडीत उसाने भरलेली बैलगाडी, बैलांच्या नाकातून निघणारी वाफ, वर बसलेले मूल, हे दृश्य कॅमेऱ्याला भुरळ घालणारे आहे, आणि म्हणूनच तिथे हात आवरावा असे मला वाटते. ज्या मुलाची शाळा त्या गाडीमुळे बुडते आहे, त्याचा फोटो आपल्या ‘छोट्या आनंदांच्या’ संग्रहात बसवणे बरे नव्हे. त्याच रस्त्यावर गाडीतून पडलेले उसाचे कांडे आहे, ते टिपावे.

फोटोसोबत काही लिहावे का?

एक ओळ जरूर लिहावी, आणि त्या ओळीत फोटोत न दिसणारे काहीतरी असावे: वास, आवाज, कोण काय बोलले, भाव काय होता. ‘आवळे’ असे लिहून उपयोग नाही, आवळे दिसतातच. ‘मोरावळ्यासाठी घेतले, आई म्हणाली हे लोणच्याचे आहेत’ असे लिहिले की दहा वर्षांनी त्याचा उपयोग होतो. सुविचार लिहू नयेत.

फोटो स्टेटसला टाकावेत की आपल्यापुरते ठेवावेत?

दोन-चार माणसांच्या लहान गटात पाठवणे मला सर्वांत बरे वाटते. स्टेटसला टाकले की किती जणांनी पाहिले हे मोजले जाते आणि चार दिवसांत आपण लोकांना आवडेल तेच शोधू लागतो. उताराला लागलेला किल्ला सोडून सूर्यास्ताकडे वळतो. लहान गटात मात्र गंमत होते. एक जण ठाण्यातून कार्यालयाच्या खिडकीतली खाडी पाठवतो, दुसरी कोकणातून झोडणी झालेल्या भाताच्या पेंढ्याची उडवी पाठवते, तिसरा यवतमाळकडून कापसाच्या वेचणीचा फोटो पाठवतो, आणि एकाच दिवसात एकाच राज्यात किती निरनिराळे ऋतू चालू आहेत ते दिसते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर तो आकाराने लहान होऊन जातो, म्हणून जपून ठेवायचा असेल तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. घराचा पत्ता कळेल असे काही चौकटीत नाही ना, तेही पाहावे.

आजी-आजोबांना हे जमेल का?

त्यांना इतरांपेक्षा चांगले जमते, कारण ते खिडकीशी जास्त वेळ बसतात. मोबाईल हातात स्थिर राहत नसेल तर आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणानेही बहुतेक मोबाईलवर फोटो निघतो, हे दाखवून द्यावे. ऑक्टोबरात येणारा धोबी पक्षी गच्चीवर शेपटी वरखाली करत फिरतो, तो पहिल्यांदा कुणाला दिसला याची नोंद घरात बहुधा त्यांच्याकडेच असते.

आम्ही परदेशात असतो. तिथले हे दिवस अंधारे असतात.

उत्तरेकडच्या देशांत राहणाऱ्या मराठी माणसांचा हा प्रश्न रास्त आहे. लंडनमध्ये नोव्हेंबरच्या अखेरीस दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो आणि भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम 17 अंश वर असतो. त्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे जातात, म्हणजे संध्याकाळ एका रात्रीत लवकर येते. पण त्याचाच अर्थ असा, की जे कोवळे तिरपे ऊन पुण्यात सूर्यास्तापूर्वी थोडाच वेळ मिळते, तसे ऊन तिथे ढग नसतील तर जवळजवळ दिवसभर असते. जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटे बाहेर पडावे आणि फोटो तेव्हाच काढून घ्यावा. संध्याकाळवर ठेवल्यास राहून जातो. पानांचे गालिचे सगळेच टिपतात. त्यापेक्षा बर्मिंगहॅम किंवा न्यू जर्सीच्या घरात काचेच्या आत आणून ठेवलेली तुळस, तिची गळालेली पाने आणि कुंडीशेजारचा हीटर, हा फोटो तिथल्या मराठी घरांतच मिळेल.

असे पूर्वी कुणी केले आहे का?

न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंग्स्टन यांचे नाव घ्यावेच लागेल. त्यांनी 31 मार्च 1979 पासून पोलरॉइड कॅमेऱ्याने रोज एक फोटो काढायला सुरुवात केली आणि 25 ऑक्टोबर 1997 पर्यंत, म्हणजे आपल्या 41व्या वाढदिवशी मृत्यू येईपर्यंत, तो नेम सांभाळला. सहा हजारांहून अधिक फोटो जमले. त्यांत मित्र आहेत, जेवणाची टेबले आहेत, रस्ते आहेत, आणि शेवटी शेवटी आजारपण आहे. त्यांच्या मित्रांनी ते नंतर प्रदर्शनात मांडले, तेव्हा एकेकटा फोटो साधाच होता हे सर्वांना दिसले. पोलरॉइडच्या एका पाकिटात दहाच फोटो निघत, ते महागही असत. एका दिवसाला एक ही शिस्त त्यांना त्या खर्चाने आपसूक लावली असेल.

शेवटी या फोटोंचे काय करायचे?

छापून घ्यावेत. मोबाईलमधला एक फोटो साधारण 3 ते 5 एमबीचा धरला, तर महिन्याचे फोटो दीडशे एमबीच्या आत बसतात, त्यामुळे साठवणे अवघड नाही. अवघड आहे ते पुन्हा उघडून पाहणे. चार बाय सहा इंचांच्या छपाईसाठी 1200 बाय 1800 पिक्सेल पुरतात आणि आजचा कुठलाही मोबाईल त्याहून मोठा फोटो काढतो. छापायला देताना चकचकीत कागदापेक्षा मॅट कागद मागावा, त्यावर बोटांचे ठसे उठत नाहीत. मागे तारीख आणि ती एक ओळ पेन्सिलने लिहावी, कारण बॉलपेनची शाई गठ्ठ्यात पुढच्या फोटोला लागते. अल्बम आणण्याची वाट पाहू नये. फराळाचा रिकामा झालेला पत्र्याचा डबा घासून, उन्हात चांगला वाळवून घेतला तर त्यात सगळे फोटो उभे राहतात.